गरम झालं की बंद पडणारं इंजिन

प्रश्न: पाणी उपसायचं छोटं फोर स्ट्रोक पेट्रोल इंजिन आहे. थंड असताना एका ओढीत चालू होतं, पण वीसेक मिनिटांनी बंद पडतं आणि मग कितीही दोरी ओढा, दाद देत नाही. अर्ध्या तासाने परत चालू. कार्बोरेटर दोनदा साफ केला, प्लग नवा टाकला, तरी तेच. काय करू?

उत्तर: कार्बोरेटर आता तिसऱ्यांदा खोलू नका. थंड झाल्यावर ते आपोआप चालू होतंय यातच निम्मं उत्तर आहे, म्हणून तपासणी बंद पडल्या पडल्या करायची, थंड झाल्यावर सगळं ठीकच दिसणार.

आधी बंद कसं पडतं ते नीट ऐका. अडखळत, आचके देत मेलं तर बहुतेक पेट्रोल पोचत नाही, आणि स्विच बंद केल्यासारखं पटकन गेलं तर प्लगच्या करंटचा संशय धरा. अडखळत असेल तर टाकीचं झाकण बघा, त्यात हवा आत जायला बारीक भोक असतं, ते मातीने बुजलं की पेट्रोल संपत जातं तशी टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल खाली उतरायचंच थांबतं, मग उभं राहिल्यावर हळूहळू हवा शिरते आणि इंजिन परत चालू, म्हणजे तुमच्यासारखंच. बंद पडल्यावर झाकण हळूच सैल करा (आसपास विस्तव नको), फुस्स आवाज आला आणि इंजिन लगेच चालू झालं तर झाकण साफ करा किंवा बदला, काम झालं.

तसं नसेल तर प्लग काढून बघा, गरम असतो, सांभाळून. कोरडा असेल तर पेट्रोल येत नाहीये, पेट्रोलच्या कॉकची (टाकीखालच्या तोटीची) जाळी आणि पाईप बघा. ओला असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाहीये, आणि असं गरम झाल्यावरच होत असेल तर मला कॉईलच (प्लगला ठिणगीसाठी करंट देणारा भाग) खराब वाटते, गरम झाली की आतली तार तुटते आणि थंड झाली की परत जुळते. खात्री करायला सांडलेलं पेट्रोल पुसून, टाकीचं झाकण लावून, प्लग परत त्याच्या वायरच्या टोपीत बसवा आणि इंजिनच्या धातूला टेकवा, प्लगच्या भोकापासून मात्र लांब, आणि दोरी ओढून ठिणगी पडते का बघा, पण प्लग हातात उघडा धरू नका. गरम असताना ठिणगी नाही आणि थंड झाल्यावर आहे, तर कॉईल बदला.

आणि हो, ऑइलची पातळी राहूनच गेली, बऱ्याच इंजिनांत ऑइल कमी झालं की सेन्सर करंट तोडतो, ते मात्र सगळ्यात आधी बघा.