'पाव किलो', 'वडापाव' आणि 'देवा, मला पाव' यांतला 'पाव' एकच आहे का? माझा मित्र म्हणतो, पायांनी मळतात म्हणून पाव. आणि चिनी 'बाव'चं काय?

नाही. तीन वेगळे शब्द, फक्त उच्चार जुळला. पण तुमच्या मित्राचं 'पायांनी मळतात म्हणून पाव' हे साफ खोटं आहे, आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

माझे वडील गोव्यातल्या म्हापशाचे पदेर, म्हणजे पाव भाजून विकणारे. रात्रभर भट्टीपाशी, पहाटे सायकलवर टोपली बांधून उंडे, पोळ्या, कांकणं असे तऱ्हेतऱ्हेचे पाव घेऊन दारोदार. माझ्या लग्नानंतर ते पुण्याला आले, तेव्हा भर पंगतीत मोठ्या दिरांनी हीच गोष्ट ऐकवली. वर म्हणाले, म्हणून आमच्याकडे पूर्वी पाव चालत नसे. बाबा खाली मान घालून जेवत राहिले. मला राहवलं नाही. म्हटलं, "भाऊजी, मराठीत पायाला पाय म्हणतात. पाँव हिंदीतला." तर म्हणाले, "मग लादीचा चौथा हिस्सा म्हणून पाव!"

तेही चूक. वडापावातला हा पाव पोर्तुगीजांचा, शेवट नाकात उच्चारायचा. त्याचं मूळ लॅटिन 'पानिस', म्हणून स्पॅनिशमध्ये 'पान', इटालियनमध्ये 'पाने'. 1510 साली त्यांनी गोवा घेतला, 1534 साली वसई. पदेरही त्यांचाच शब्द, बटाटा, चावी आणि पगारही. 1543 साली ते जपानला पोचले, आणि जपानी माणूस आजही पावाला 'पान' म्हणतो. तिथे पायाला 'आशि' म्हणतात. आता सांगा, पायांचा संबंध कुठे आला?

पाव किलोतला पाव संस्कृत 'पाद'वरून: चार पायांतला एक, म्हणजे चौथाई. पाऊण म्हणजे पाद-ऊन, पावाने कमी. गंमत अशी की पायाशी नातं आहे ते या पावाचं. देव पावतो तो 'प्राप्'वरून, पावतीही त्यातलीच. चिनी 'बाव'चं विचारलंत, त्याचा यांच्यापैकी कुणाशीच संबंध नाही.

मित्राला जपानचा दाखला द्या, बाकी काही बोलू नका. आमचे भाऊजी अजून दर गणपतीला तोच मुद्दा काढतात आणि जपानपाशी आले की विषय बदलतात.

कुठे कुठे पूर्वी कणीक पायांनी तुडवलीही असेल, ते मी नाकारत नाही. नाव त्यावरून पडलेलं नाही, एवढंच. आणि आमच्या भट्टीत बाबा हातांनीच मळायचे.