लुळा हात धरून उठवू नका

ताई, "बाबांना पक्षाघात होऊन महिना झाला, डावी बाजू लुळी आहे, परवापासूनच्या कोरोना निर्बंधांमुळे फिजिओथेरपीचं सेंटर बंद, व्हिडिओवरच्या फिजिओचा उपयोग होतो का?" हे वाचलं आणि आमचं २०२० साल आठवलं. माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, त्याच वर्षी फेब्रुवारीत पक्षाघाताचा झटका आला. २५ मार्चला, ऐन पाडव्याला, देशभर लॉकडाउन सुरू झाला.

उपयोग होतो, घ्याच. व्यायाम तुमचे फिजिओ सांगतील, मी डॉक्टर नाही. आमची चूक तेवढी सांगते.

अण्णा होते त्या हॉस्पिटलचा फिजिओ विभाग कोविड वॉर्डात गेला. तेही ठीक, वेळच तशी होती. पण फोन केला की एकच, "उठला लॉकडाउन की या." डॉक्टरांनी फोनवर, व्हिडिओवर कसं तपासायचं याचे केंद्राचे नियम नेमके त्याच पाडव्याला निघाले होते. निदान काय करू नका एवढं तरी कागदावर लिहून द्यायचं! पहिले तीन महिने सोन्याचे असतात म्हणे, त्यातले सात आठवडे आम्ही "कळवतो" ऐकत घालवले.

आणि त्या सात आठवड्यांत आम्ही दोघं अण्णांना पलंगावरून उठवायचो ते लुळा हात ओढून. मे महिन्यात एक फिजिओ मुलगी व्हिडिओवर मिळाली. मी मोबाइल अण्णांच्या तोंडापुढे धरलेला. ती म्हणाली, "काकू, चेहरा नको. मोबाइल लांब स्टुलावर ठेवा आणि रोज उठवता तसं उठवून दाखवा." आम्ही ओढलं तशी ती ओरडलीच. सदरा काढायला लावून खांद्याच्या हाडाखाली बोट ठेवायला सांगितलं. बोट खड्ड्यात गेलं. सांधा खाली उतरला होता. लुळे स्नायू तो धरून ठेवत नाहीत, त्यात आमचं दिवसातून दहादा ओढणं. अण्णा आता काठीने चालतात, पण तो खांदा अजून रात्री ठणकतो.

कमरेला रुंद पट्टा बांधून तिथे धरायचं असतं. आम्ही जुन्या सुती साडीचा केला. बसवलं की हाताखाली उशी, हात लोंबकळू द्यायचा नाही. तुमच्या बाबांना हे कसं जमेल ते पहिल्याच सेशनला करून दाखवायला सांगा. नुसते व्यायामाचे व्हिडिओ फॉरवर्ड करणाऱ्याला मी तरी फिजिओ म्हणणार नाही.

पाणी पिताना ठसका लागतो का? तर ते आधी डॉक्टरांना सांगा, व्यायाम नंतर. आणि व्हिडिओ सेशनचे पैसे मिळतील का, हे विमावाल्यांकडून लेखी घ्या. आमचे बुडाले. तो विषय काढला तर रात्र पुरणार नाही.