कडाका वाढलाय, मदत कुठे मागायची?

डिसेंबर २०१८च्या शेवटच्या आठवड्यात निफाडला पारा १.८ अंशांवर उतरला होता आणि नागपुरात ३.५ वर. तरी थंडीची लाट म्हणजे उत्तरेकडची गोष्ट, ही आपली समजूत काही जात नाही. पूर आणि दरडींसाठी यंत्रणेची जी धावपळ होते, तिच्या पासंगालाही थंडीची तयारी पुरत नाही. सोयी मुळीच नाहीत असं नाही, पण त्या आपणहून दारात येत नाहीत, मागाव्या लागतात. या वेळची बहुतेक पत्रं त्याच अडचणीची आहेत.

आमच्या कॉलनीजवळ उड्डाणपुलाखाली एक आजोबा झोपतात. ब्लँकेट दिलं, पण निवाऱ्यात चला म्हटलं की नकोच म्हणतात. आधारकार्डही नाही. काय करावं? (नाशिक)

आधारकार्डाची काळजी सोडा. ओळखपत्र नाही म्हणून बेघर माणसाला निवाऱ्याच्या दारातून परत पाठवायचं नसतं. कोणी पाठवलंच, तर महापालिकेच्या समाजकल्याण किंवा समाजविकास विभागाकडे लेखी तक्रार करा. निवारा ही कोणाची मेहेरबानीही नाही. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये मोठ्या शहरांना दर लाख लोकसंख्येमागे किमान एक, चोवीस तास चालणारा निवारा उभारायला सांगितलं. पुढे केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानात तेच प्रमाण आलं, शिवाय माणशी ५० चौरस फूट जागेचा निकषही. आपल्या शहरात या हिशेबाने किती निवारे हवेत आणि आहेत किती, हे नगरसेवकाला एकदा विचारून बघा. पुष्कळांना आकडा माहीत नसतो.

राहिला आजोबांचा नकार. तो हट्ट समजू नका. निवाऱ्यात सामान ठेवायला कुलपाचं कपाट असतंच असं नाही. भंगार गोळा करणाऱ्याची गोणी हेच त्याचं भांडवल. ती बाहेर ठेवा म्हटलं की तो आत कशाला येईल? कोणाबरोबर कुत्रा असतो, कोणाची बायको, आणि पुरुषांच्या निवाऱ्यात दोघांनाही जागा नसते. कोणाला पहाटे चारला बाजार समितीत हमालीला पोचायचं असतं, आणि निवारा बाजार समितीपासून लांब असतो. म्हणून ‘चला’ म्हणायच्या आधी ‘का नको?’ विचारा. कारण कळलं की निवारा चालवणाऱ्या संस्थेशी बोलता येतं, आणि गोणीला जागा मिळाली तर माणूस येतो, हा अनुभव आहे.

तरीही आले नाहीत, तर जबरदस्ती नको. जाड पुठ्ठा किंवा थर्माकोल खाली अंथरायला द्या, कारण थंडी वरून लागते त्याहून जास्त सिमेंटमधून चढते. कानटोपी आणि पायमोजेही द्या. एकाच रात्रीत चार मंडळं येऊन चार ब्लँकेटं देतात आणि जानेवारीत कोणी फिरकत नाही, त्यापेक्षा हे बरं. फोटोसाठी झोपलेल्याला उठवू नका, एवढी विनंती.

मात्र एखाद्या रात्री ते बरळताना दिसले, नीट उभं राहता येत नसेल किंवा इतका वेळ कुडकुडणारा माणूस अचानक कुडकुडायचा थांबला असेल, तर तो बरा झालाय असं समजू नका. शरीराचं तापमान ३५ अंशांखाली गेल्याची ही लक्षणं असू शकतात. लगेच १०८ला फोन करा. ओले कपडे काढून कोरड्या कपड्यात गुंडाळा. हातपाय चोळू नका, शेकोटीला चिकटवून बसवू नका. शुद्धीत असतील आणि गिळता येत असेल तरच गोड कोमट चहा द्या. दारूने अंगात ऊब येते हा भ्रम आहे. तिने कातडीकडचा रक्तप्रवाह वाढतो, तेवढ्यापुरतं गरम वाटतं आणि आतली उष्णता भराभर निघून जाते.

आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, साक्रीजवळ गावी एकटी राहते. रात्री खोली बंद करून कोळशाची शेगडी ठेवते. मी पुण्यात नोकरीला. तिच्यासाठी कोणती सोय आहे? (पुणे)

आधी शेगडी खोलीबाहेर काढा, बाकीचं नंतर. बंद खोलीत कोळसा जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते आणि झोपेतच माणूस जातो. तुमच्या पुण्यातल्या बंद न्हाणीघरातला गॅस गिझर हेच करतो, तेव्हा तिथेही खिडकी उघडी ठेवा. आजीला शेकायचंच असेल तर अंगणात किंवा दार-खिडकी उघडून शेकू द्या, आणि झोपायच्या आधी शेगडी बाहेर. अंथरुणात रबरी पिशवीत गरम पाणी ठेवता येईल, पण पिशवीला कापड गुंडाळून. म्हाताऱ्या कातडीला चटका बसलेला लवकर कळत नाही.

सोयींचं म्हणाल, तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. फोनला पैसे पडत नाहीत, पण ती सकाळी ८ ते रात्री ८ एवढ्याच वेळात चालते. रात्री गरज पडली तर ११२. याहून उपयोगी पडेल ती गावची आशाताई. तिचा नंबर घ्या, आजीची रक्तदाबाची गोळी चालू आहे का ते विचारा. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि पहाटे उठून गार पाण्याने आंघोळ करण्याची आजीच्या पिढीची शिस्त तेव्हा महागात पडते. आंघोळ ऊन पडल्यावर, गरम पाण्याने. ऐकणार नाही म्हणाल, तर डॉक्टरांच्या तोंडून सांगा. नातवाचं कोण ऐकतं!

शेजारच्या एका घराला रोज सकाळी ‘आजी उठल्या का’ एवढं बघायला सांगून ठेवा. याला कोणती योजना लागत नाही.

आमच्या शेताच्या कडेला बीडकडच्या ऊसतोड टोळीच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या आहेत. एका बाईला पंधरा दिवसांचं बाळ आहे. रात्री फार गारठा असतो. त्या इथल्या नाहीत, मग इथली अंगणवाडी त्यांना घेईल का? (सांगली जिल्हा)

घ्यायला हवं. अंगणवाडीचा आहार, वजन आणि लसीकरण जिथे बाळ आहे तिथे मिळायचं असतं, मूळ गाव कुठलं याने फरक पडत नाही. स्थलांतरित आईचं नाव इथल्या अंगणवाडीत लावता येतं. सेविका कचरली तर पर्यवेक्षिकेशी बोला. टोळी महिन्याभरात दुसऱ्या फडावर जाईल, म्हणून हे आजच करा.

तोवर बाळाला आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून धरायचं आणि वरून दोघांना शाल गुंडाळायची. टोपी आणि मोजे हवेतच. कमी वजनाच्या बाळांना सरकारी दवाखान्यांतही असंच ठेवतात. बाळाला आंघोळ रोज घातलीच पाहिजे असं नाही, पुसून घेतलं तरी चालतं. बाळ गार लागतंय, दूध ओढत नाही, सुस्त पडलंय असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, १०८ बोलवा.

कोपीत शेकोटी नको. पाचट आणि प्लॅस्टिकचा कागद एका ठिणगीत पेटतो. तुमच्या गोठ्याची किंवा पंपघराची एखादी पक्की भिंत रात्रीपुरती त्यांना देता आली, तर बघा.

गव्हाला पाणी द्यायला आठवडाभर रात्रीची लाइट असते. पहाटे तीनला बारे देताना हातपाय बधिर होतात. दिवसा वीज मिळण्याचा काही मार्ग? (जळगाव जिल्हा)

सरकारचं उत्तर म्हणजे शेतीला दिवसा सौरवीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. तिचा दुसरा टप्पा २०२३ला सुरू झाला. तुमचा फीडर, म्हणजे तुमच्या पंपांना वीज देणारी वाहिनी, त्यात आहे का आणि कधी जोडणार, हे महावितरणच्या उपविभागात विचारा, आणि गावातल्या दहा जणांच्या सह्यांनी विचारा. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ हा दुसरा रस्ता. यातलं काहीही या हंगामात होईल असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही.

तोवर एकट्याने जाऊ नका, गमबूट घाला, कोरड्या कपड्यांचा एक जोड पंपघरात ठेवा. रात्री साप चावला किंवा शॉक लागला आणि त्यात शेतकऱ्याचा जीव गेला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. बांधावर हृदयविकाराने गेलेला माणूस त्यात बसत नाही. हे मला तरी पटत नाही.

दुसरीतल्या मुलीची शाळा सकाळी सातला भरते. वेळ बदलून मिळेल का? (छत्रपती संभाजीनगर)

पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९च्या आधी भरवू नयेत, असा शासनाचा निर्णय फेब्रुवारी २०२४मध्ये झालेला आहे. त्याची प्रत घेऊन मुख्याध्यापकांना भेटा.

थंडीने कोणी दगावलं तर सरकार भरपाई देतं का? (गोंदिया)

देऊ शकतं, हे फार थोड्यांना माहीत आहे. थंडीची लाट केंद्राच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीत आहे. उष्णतेची लाट त्या यादीत नाही, हा विरोधाभास विदर्भातल्या माणसाला वेगळा सांगायला नको. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मृताच्या वारसाला ४ लाख रुपयांची तरतूद आहे.

घोडं अडतं ते पुराव्यापाशी. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी तरी कमी असावं लागतं, किंवा थेट ४ अंशांपर्यंत उतरावं लागतं, तेव्हा हवामान खातं थंडीची लाट म्हणतं. मृत्यू त्याच दिवसांतला आणि थंडीनेच झाला, हे कागदावर यावं लागतं. उघड्यावर झोपलेला माणूस सकाळी मृत सापडला की अकस्मात मृत्यूची नोंद होते, शवविच्छेदन होतं आणि अहवालात बहुतेक वेळा हृदयक्रिया बंद पडल्याचं लिहून विषय संपतो. म्हणून नातेवाइकांनी, नातेवाईक नसतील तर तुमच्यासारख्यांनी, पंचनाम्याच्या वेळीच अंगावर कपडे काय होते, खाली-वर काय होतं आणि रात्रीचं तापमान किती होतं हे लिहून घ्यायचा आग्रह धरावा. अर्ज तहसीलदारांकडे करायचा. १०७७ला, म्हणजे जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला, त्याच दिवशी कळवा आणि फोन घेणाऱ्याचं नाव व वेळ टिपून ठेवा.