जंगलाच्या भुईचं 'श्वसन' म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: "जंगलात जमिनीवर पेटी ठेवून वायू आणि बाष्प मोजतात, त्यावरचा मजकूर मराठीत आणते आहे. 'फॉरेस्ट फ्लोअर'ला 'वनतल', 'सॉइल रेस्पिरेशन'ला 'मृदाश्वसन' आणि 'फ्लक्स'ला 'प्रवाह' लिहिलं आहे. चालेल का?"

'मृदाश्वसन' निःशंक ठेवा. बाकी दोन शब्द मी बदलेन.

'तल' म्हटलं की सगळ्यात खालचा तळ डोळ्यांपुढे येतो. इथे अभिप्रेत आहे तो वरचा थर: यंदाचा पाचोळा, त्याखाली अर्धवट कुजलेली पानं, त्याखाली पान म्हणून ओळखू न येणारा काळा ह्यूमस. 'वनजमीन' तर महसूल खात्याचा शब्द झाला. आपल्याकडे 'भुई' असताना दूर कशाला जायचं? 'जंगलाची भुई' लिहा, पुढे 'भुईलगतची हवा' हेही आपोआप जमतं.

आता श्वसन. मराठीत श्वास आत आणि उच्छ्वास बाहेर, म्हणून काहींना 'मृदा-उच्छ्वास' जास्त नेमका वाटतो, कारण मोजला जातो तो बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड. पण मुळं आणि मातीतले सूक्ष्मजीव ऑक्सिजन घेऊन तो वायू सोडतात, म्हणजे क्रिया श्वसनाचीच आहे, अलंकार नव्हे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लुंडेगॉर्ड यांनी 1920च्या दशकात जमिनीवर भांडं पालथं घालून हे मोजलं. आजची पद्धत त्याच वळणाची आहे. एक कडं जमिनीत थोडं रुतवायचं आणि निदान एक दिवस तसंच राहू द्यायचं, कारण रुतवताना बारीक मुळं तुटतात, माती हलते आणि आकडा फुगतो. मग वर झाकण ठेवून काही मिनिटं आतला कार्बन डायऑक्साइड किती वेगाने वाढतो ते पाहायचं.

कोरड्या मातीवर पाणी पडलं की हा आकडा एकदम उसळतो. केनियात काम करणाऱ्या बर्च यांनी 1958मध्ये हे मांडलं, म्हणून त्याला 'बर्च परिणाम' म्हणतात. वळवाच्या पहिल्या सरीनंतरचं वर्णन करताना 'भुईने सुस्कारा सोडला' लिहावंसं वाटेल. ललित लेखात जरूर लिहा, इथे नको.

'प्रवाह'बद्दल माझा आक्षेप जास्त आहे. नदीचा प्रवाह, विजेचा प्रवाह म्हणताना काहीतरी वाहतं आहे एवढंच कळतं. फ्लक्स म्हणजे ठरावीक क्षेत्रातून ठरावीक वेळात किती गेलं; इथे दर चौरस मीटरमागे दर सेकंदाला किती मायक्रोमोल. शिवाय दिशा दोन्हीकडची असते. पाणी न साचणाऱ्या जंगलातल्या मातीत हवेतला मिथेन खाणारे जीवाणू असतात, त्यामुळे मिथेनचा आकडा तिथे बहुतेकदा उणे येतो. 'भुईतून मिथेनचा उणे प्रवाह' वाचून वाचक अडखळेल. 'भुई हवेतला मिथेन ओढून घेते' लगेच कळेल. परिभाषेतला 'अभिवाह' एकदा देऊन पुढे 'देवघेवीचा दर' लिहावं, असं माझं मत आहे. 'विनिमय' चूक नाही, पण 'देवघेव'मध्ये दोन्ही दिशा कानाला ऐकू येतात.

बाष्पाच्या वाक्यांकडे पुन्हा एकदा बघा. उघड्या मातीतून आणि ओल्या पाचोळ्यातून जातं ते बाष्पीभवन. पानांतून जातं ते बाष्पोत्सर्जन, जुन्या पुस्तकांत बाष्पोच्छ्वास. पेटीखाली एखादं नेचं किंवा रोप आलं की दोन्ही एकत्र मोजली जातात, तेव्हा दोन्ही शब्द जोडून लिहावे लागतील. आणि झाकणाखालची हवा लवकर दमट होऊन बाष्पीभवन मंदावतं, म्हणून बाष्पाचं मोजमाप झाकण ठेवल्यावरच्या पहिल्या थोड्या वेळातलंच घेतात. मूळ मजकुरात ही सूचना असेल तर ती गाळू नका.

'वाफसा' मात्र यासाठी वापरू नका. वाफ ऐकू येत असली तरी तो शब्द पेरणीजोग्या ओलीचा आहे, मातीत पाणी आणि हवा दोन्ही बेताने असल्याच्या अवस्थेचा. बाहेर पडणाऱ्या बाष्पाशी त्याची गल्लत झाली, तर शेतकरी वाचक पहिल्याच ओळीला थांबेल.