जपानमध्ये मुलं रोज शाळा झाडतात, मग आपल्याकडे मुलांना झाडायला लावलं की पालक भांडायला का येतात?

येऊ देत की भांडायला. माझी आई आली होती, म्हणून तर लिहायलेय.

1984 साल, मी सातवीत. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू, वडील लूमवर आणि अम्मा बिड्या वळायची. पानं-तंबाखू कारखान्यातून घरी आणायची, वळलेल्या बिड्या सकाळी परत द्यायच्या, त्या लाइनीत अम्माबरोबर मीपण टोपली घेऊन उभी, तिथला माणूस वाईट बिड्या बाजूला काढणार, बाकीच्या मोजणार, मग मी पळत शाळेत. उशीर ठरलेलाच. उशीर झाला की सर हातात झाडू द्यायचे. नाही झाला तरी द्यायचे. वर्गात डॉक्टरची मुलगी होती, वकिलाचा मुलगा होता, त्यांच्या हातात वर्षभरात एकदाही झाडू बघितला नाही मी. आम्ही चार-पाच जणी ठरलेल्या, सगळ्या बिडीवाल्या नाहीतर लूमवाल्यांच्या. एकदा विचारलं, सर उद्या पाळी कुणाची, तर म्हणाले तुझ्या हाताला तसाही तंबाखूचा वास येतो, तूच झाड.

घरी रडले. दुसऱ्या दिवशी अम्मा हातातलं काम टाकून आली, म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. वर्गाच्या दारात उभी राहून तिच्या मराठीत म्हणाली, "माझी पोरगी झाडतंय, झाडू दे. सगळ्याची पोरं झाडू दे." एवढंच. आठ दिवस सगळ्यांच्या पाळ्या लागल्या, नंतर परत आम्हीच.

माझा अन्ना, म्हणजे थोरला भाऊ, त्याच शाळेत दहावीला होता, त्याला लाज वाटली. झाडून हात झिजतात का, कशाला तमाशा केला, हे तो आजही म्हणतो. आता त्याची नात जपानमध्ये प्राथमिक शाळेत आहे, तिचा फडक्यानं फरशी पुसतानाचा व्हिडिओ त्यानं मला पाठवला आणि खाली लिहिलं, बघ.

बघितलं की. तिथं पंधरा-वीस मिनिटं सगळी शाळा एकदम कामाला लागते, गटागटानं पाळ्या बदलतात, आज वर्ग तर पुढे जिना, शिक्षकपण सोबत. दुपारचं जेवणसुद्धा पांढरा एप्रन-टोपी घालून मुलंच वाढतात. बाप काय करतो ते कुणी विचारत नाही. अम्मा दुसरं काय मागत होती?

आणि त्यासाठी जपान कशाला पाहिजे, कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं, तिथं सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, कामंपण सगळी मिळूनच करायची. आपल्याला माहीत नव्हतं असं नाही.

जपानी शाळेत कर्मचारी अजिबात नसतो असं मात्र समजू नका, असतो, दुरुस्ती वगैरे तो बघतो. आणि आपल्याकडचे काही पालक नुसत्या बडेजावापायी भांडतात, तेही खरंय, त्यांची बाजू मी घेत नाहीये. पण तुमच्या मुलाला झाडू दिला तर आधी पाळीचा कागद मागा, महिनाभराचा, आणि नावं वाचा. सगळ्यांची असली तर गप घरी या. ठरलेलीच चार असली तर भांडा, मजुरी बुडाली तरी भांडा.

अन्ना हे वाचणारच. पुढच्या वेळी फोन लावशील तेव्हा नातीला एवढंच विचार, तिच्या वर्गात झाडायची पाळी कुणाला चुकते.