बुढी बोलते, मी हसते

"मॅडम, उलटं बोललं तर आपण वाईट, गप्प राहिलं तर जीव जळते. मंग करावं काय?" यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी समुपदेशनाला बसते. तिथं हा प्रश्न मला किती जणींनी विचारला याचा हिशेब नाही. आज त्यांतल्या एका आशाताईची, म्हणजे गावात घरोघरी फिरणाऱ्या आरोग्यसेविकेची, गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

बाळंतपण दवाखान्यात झालं तरी पुढच्या 42 दिवसांत आशाला त्या घरी सहा भेटी द्याव्या लागतात. वजन, ताप, नाळ, बाळ दूध ओढतं की नाही, सगळं पाहायचं. कुणी टोचून बोललं म्हणून ते घर टाळायची सोय नाही. आशाला कामागणिक मोबदला मिळतो, त्यावरून एका घरची बुढी हिला पाहिलं की म्हणायची, "आली पाय कमिशनवाली!" ही हसायची, वजनकाटा काढायची, काम उरकून निघायची. आणि घरी आल्यावर पोरीनं चप्पल दारात आडवी टाकली एवढ्यावरून तिच्यावर ओरडायची.

हे सांगतानाही ती हसत होती. मी विचारलं, "आत्ता हसलात कशाला?"

"सवय हाय मॅडम. नाई हसली तर बुढी गावभर सांगन, आशाबाईले गर्व चढला म्हनून."

ज्याला ती सभ्यपणा म्हणत होती, त्यात निम्मी भीतीच होती. बुढीला तर ते हसू होकारासारखंच वाटत असणार.

पुढे एकदा ती तावातावानं म्हणाली, "बुढीनं असं बोलाचंच नाई!"

"हे बुढीला ठाऊक आहे?"

"थे कोनाच्या बापाचं ऐकत नाई."

"म्हणजे नियम तुम्ही केला, मोडते बुढी. मग दंड कोण भरतं?"

ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसली. सोडला, पुन्हा गुंडाळला. "मीच" एवढं ऐकायची माझी तयारी होती. ती म्हणाली, "माही पोरगी."

इतक्या वर्षांत या प्रश्नाला असं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून जो विचार मांडला, त्यावर माझा भरवसा आहे. लोकांनी नीट बोलावं ही इच्छा जरूर ठेवा, हट्ट धरू नका. इच्छा मोडली तर वाईट वाटतं, हट्ट मोडला की डोकं फिरतं. म्हणून मी आधी शब्द शिकवत नाही. डोकं तापलेलं असलं की 'कृपया'सुद्धा टोचतं.

हट्ट सैल झाल्यावर वाक्य तिनंच बनवलं. सरावासाठी बुढी मी झाले. (मला बुढी चांगली जमते, असं तिचं मत!) "बुढीमाय, कमिशनवाली म्हनू नका, मले लागते. लेकराचं वजन घेऊ द्या." हसायचं नाही, आवाज नेहमीचा, आणि वाक्य संपताच हात कामाला.

पुढच्या खेपेला त्या घरी तिनं ते म्हटलं. खरी बुढी म्हणाली, "लय बोलाले लागली बाप्पा!" पण लेकरू पुढे केलं. टोमणे थांबले नाहीत. त्यानंतरच्या भेटीत हिनं तेच वाक्य तेवढ्याच आवाजात म्हटलं. घरी पोरीवरचं ओरडणं मात्र कमी झालं, आणि मला तेवढं पुरे.

रेशनच्या रांगेत घुसणाऱ्याला "भाऊ, रांग तिकडून हाय" एवढंच म्हणा. "अक्कल नाही का?" म्हटलं की तो रांग विसरून अक्कल सिद्ध करायला लागतो. लग्नात "अजून लेकरू नाही?" विचारणाऱ्या आत्याबाईंना "तो विषय राहू द्या आत्याबाई, जेवण झालं का तुमचं?" पुरतं. कारणं देत बसलात तर पुढचा प्रश्न ठरलेला. घरच्या वडीलधाऱ्यांना चारचौघांत अडवू नका, मागाहून एकट्यात सांगा. मामंजी तेव्हाच ऐकतात, आणि तेही अर्धंच.

हे सगळं टोमण्यापुरतं. दारू पिऊन अंगावर येणाऱ्याला नम्र उत्तर द्यायचं नसतं, तिथून निघायचं आणि मदतीचा 112 नंबर लावायचा. दलित किंवा आदिवासी बाईचा जातीवरून चारचौघांत अपमान केला, तर 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तो गुन्हा आहे. अशा घरची पुढची भेट आशांनी एकटीनं देऊ नये. नर्सबाईंना किंवा अंगणवाडीताईला सोबत घ्यावं, आणि झालेला प्रकार त्याच दिवशी आशांचं काम पाहणाऱ्या गटप्रवर्तक ताईंना कळवावा.