बाळाच्या ठोक्यांचा आलेख स्वतः वाचणारे नवे सीटीजी यंत्र घेतल्यास डॉक्टरांवर कायदेशीर जोखीम येते का?

आपण तालुक्याच्या ठिकाणी प्रसूतिगृह चालवता आणि असे यंत्र (सीटीजी म्हणजे पोटातल्या बाळाचे ठोके आणि आईच्या कळा यांची सतत नोंद) घेतल्यास दाव्यांचा धोका वाढेल का, न घेतल्यास ‘सोय उपलब्ध असूनही वापरली नाही’ असा ठपका येईल का, असे विचारले आहे. मी ग्राहक आयोगापुढे डॉक्टरांच्या बाजूने काम करणारी वकील आहे.

दुसऱ्या शंकेचे उत्तर सोपे आहे. जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य (२००५) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, एखादे उपकरण वापरले नाही एवढ्यावरून निष्काळजीपणा ठरवताना ते त्या काळी सर्वसाधारणपणे उपलब्ध होते का, हे पाहावे लागते. आज नियमाने ठोके ऐकून वेळेसह नोंदवणारे प्रसूतिगृह केवळ हे यंत्र नाही म्हणून दोषी ठरेल, असे मला वाटत नाही. शिवाय वैद्यकीय पुरावाही ठाम नाही. ब्रिटन व आयर्लंडमध्ये ४६ हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या ‘इन्फंट’ चाचणीत (२०१७) आलेख वाचायला संगणकाची मदत घेतल्याने बाळांची स्थिती सुधारल्याचे आढळले नाही.

खरी जोखीम यंत्र घेतल्यानंतर सुरू होते, कारण यंत्र दर मिनिटाचा पुरावा तयार करते आणि तो पुरावा आपल्या बाजूने बोलेलच असे नाही. यंत्राने २ वाजून १० मिनिटांनी इशारा दिला, तो सिस्टरने बंद केला आणि केसपेपरवर त्यानंतर पाऊण तास काहीच नाही, तर समोरच्या वकिलाला वेगळा पुरावा शोधावा लागत नाही. इशारा चुकीचा होता असे आपले मत असेल, तर ते कारणासह त्याच वेळी लिहिलेले हवे. दोन वर्षांनी शपथपत्रात लिहिलेल्या कारणाला फारसे वजन राहत नाही.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीही महागात पडतात. यंत्राचे घड्याळ आणि लेबर रूममधले घड्याळ यांत वीस मिनिटांचा फरक असेल, तर सिझेरियनचा निर्णय उशिरा झाला असे कागदावर दिसते. कागदाचा वेग मिनिटाला १ सेंटीमीटरऐवजी ३ सेंटीमीटर ठेवला गेला, तर जुन्या सवयीने पाहणाऱ्याला तोच आलेख वेगळा भासतो. थर्मल, म्हणजे उष्णतेने छापल्या जाणाऱ्या कागदावरची आलेखाची पट्टी काळानुसार फिकी पडते, म्हणून ती स्कॅन करून किंवा तिची छायाप्रत काढून केसपेपरला जोडावी. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार नोंदी किमान तीन वर्षे जपाव्या लागतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. प्रसूतीच्या नोंदी मात्र मी त्याहून बऱ्याच अधिक काळ ठेवायला सांगते.

संमतीबाबत, रुग्णाला पुरेशी माहिती देऊनच संमती घ्यावी असे सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा समीरा कोहली निकाल (२००८) लक्षात घ्यावा. यंत्र मदतनीस आहे, निर्णय डॉक्टरांचा आहे आणि सततच्या नोंदीमुळे सिझेरियनची शक्यता वाढू शकते, हे कळा तीव्र होण्यापूर्वी, शक्यतो तपासणीच्या भेटीतच मराठीत समजावून सांगावे. विक्रेत्याच्या पत्रकातले ‘शंभर टक्के सुरक्षित’ असले शब्द आपल्या संमतिपत्रात कधीही येऊ देऊ नयेत.

यंत्रात सोनोग्राफीची प्रतिमा दिसत असेल, तर गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली नोंदणी झाल्याशिवाय ते वापरू नये. तसेच गर्भवतीने घरी पोटावर बांधायच्या वायरलेस पट्ट्याची जोडणी घेणार असाल, तर रात्री येणारी माहिती कोण पाहणार हे लेखी ठरवूनच ती घ्यावी, कारण ठोके मंदावल्याचा संदेश आपल्या फोनवर येऊन कोणी पाहिला नाही, तर त्याचा बचाव करणे मला फार अवघड जाईल.